वाय-फाय जोडलेले, इंटरनेट मात्र नाही: लिनक्स लॅपटॉपच्या दुरुस्तीच्या नोंदी

लॅपटॉपवर उबंटू आहे. जाळ्याचा कारभार नेटवर्क मॅनेजर पाहतो आणि नावांचे पत्ते शोधायचे काम सिस्टिमडी-रिझॉल्व्हडकडे आहे. याच जोडगोळीवर दुसऱ्या कुणाचे असेच अडले तर त्याचा वेळ वाचावा म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवते आहे. कमांड आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर, रात्री साडेअकरा

संध्याकाळी सातला लॅपटॉप उघडला. वाय-फाय नेहमीसारखे आपोआप जोडले गेले, पण वरच्या चिन्हावर प्रश्नचिन्ह. ब्राउझरमध्ये एकही पान उघडेना. फोन त्याच वाय-फायवर व्यवस्थित चालत होता, म्हणजे राउटर आणि बाहेरची लाइन ठीक.

बुधवारी रात्री मी सगळी सिस्टिम अपडेट केली होती, नवे कर्नल (सिस्टिमचा गाभा) आले होते. त्याच बैठकीत, संपलेल्या एका कामासाठीचे व्हीपीएन (दूरच्या खासगी जाळ्यात नेणारा बोगदा) काढून टाकले आणि लॅपटॉप बंद केला. आज तो पहिल्यांदा उघडला. मी लगेच ठरवले की नव्या कर्नलने वाय-फायचा ड्रायव्हर बिघडवला. हे ठरवायला पुरावा काहीच नव्हता.

चिप रिअलटेकची आरटीएल ८८२१सीई आहे. कर्नलमध्ये तिच्यासाठी आरटीडब्ल्यू८८ कुळातला ड्रायव्हर असतो, आणि बाहेरून बसवायचा एक वेगळा ड्रायव्हर डीकेएमएस पॅकेज (कर्नलसाठीचे मॉड्यूल आपल्याच यंत्रावर बांधणारे) म्हणून मिळतो. ते पॅकेज आणायला फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले. जोडणी दिसली, पत्ता मिळाला, तरी पान उघडेना. केबल खराब असेल म्हणून दुसरी लावली. तेच. फोनला दोष देऊन पॅकेज दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर आणले.

बाहेरचा ड्रायव्हर बसवला, आतला ब्लॅकलिस्ट केला, रीबूट केले. आता वाय-फायच नाहीसे झाले, यादीत एकही जाळे नाही. मॉडप्रोबने ड्रायव्हर हाताने चढवायला गेले तर उत्तर आले, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. सिक्युअर बूट चालू आहे आणि बाहेर बांधलेल्या मॉड्यूलवर मान्य सही नाही, म्हणून कर्नलने ते घेतले नाही. चालता ड्रायव्हर मी बंद केला आणि नवा तर चढतच नव्हता.

तासाभराने सगळे मागे घेतले: डीकेएमएस पॅकेज काढले, मॉडप्रोब.डी फोल्डरातली ब्लॅकलिस्टची फाइल पुसली, रीबूट. वाय-फाय परत दिसले, त्यावर तेच प्रश्नचिन्ह. साडेचार तास गेले आणि मी सात वाजता जिथे होते तिथेच आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर, सकाळ

आज काहीही बदलण्याआधी नुसते बघायचे, आणि खालून वर एकेक पायरी तपासायची, असे ठरवून बसले.

पहिली पायरी रेडिओ. ‘आयडब्ल्यू डेव्ह’ पुढे इंटरफेसचे नाव आणि ‘लिंक’. माझ्याकडे नाव डब्ल्यूएलपी३एस० आहे. उत्तरात जाळ्याचे नाव आले आणि सिग्नल वजा ४८ डीबीएम. वजा ५० च्या आसपासचा सिग्नल उत्तम समजतात. म्हणजे ड्रायव्हर चालतो आहे, पासवर्ड बरोबर आहे, लॅपटॉप आणि राउटर एकमेकांशी बोलत आहेत. काल साडेचार तास ज्याच्यावर घालवले ते या एका ओळीत निर्दोष ठरले.

दुसरी पायरी पत्ता. ‘आयपी ॲडर’ने १९२.१६८.१.३७ दाखवला. राउटरने डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटण्याच्या पद्धतीने) दिलेला असतो तसाच. इथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला असता तर डीएचसीपीकडून काहीच मिळाले नाही आणि यंत्राने स्वतःच पत्ता लावून घेतला, असा अर्थ झाला असता.

तिसरी पायरी रस्ता. ‘आयपी रूट’मध्ये डिफॉल्टची (बाहेर जायच्या रस्त्याची) एकच ओळ, १९२.१६८.१.१ मार्गे, मेट्रिक (रस्त्याचा पसंतीक्रम) ६००. वाय-फायला नेटवर्क मॅनेजर हाच मेट्रिक देतो. तारेच्या जोडणीला १०० देतो आणि लहान आकडा जिंकतो. म्हणून इथे दोन डिफॉल्ट दिसले, तर मेलेल्या तारेच्या जोडणीचा रस्ता वाय-फायच्या पुढे बसला आहे का ते पाहावे. माझ्याकडे तसे काही नव्हते.

मग पिंग, म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर येते का ते पाहणे. राउटरला केले, ३ मिलिसेकंदांत उत्तर. बाहेर १.१.१.१ ला केले, तिथूनही उत्तर! इंटरनेट चालू होते. काल रात्रभरही चालूच असणार. (काही जाळ्यांत बाहेरचे पिंग अडवलेले असते, त्यामुळे उत्तर न येणे हा पक्का पुरावा नाही. आलेले उत्तर मात्र पक्के.)

शेवटी आकड्यांऐवजी संकेतस्थळाचे नाव देऊन पिंग केले. सुमारे दहा सेकंद काहीच नाही आणि मग ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’. ते दहा सेकंद बोलके आहेत. नाव शोधणारी लायब्ररी डीएनएस सर्व्हरची (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्राची) ५ सेकंद वाट पाहते आणि दोनदा प्रयत्न करते. सर्व्हरने ‘असे नाव नाही’ म्हटले असते तर उत्तर तत्काळ आले असते. म्हणजे ज्याला विचारले जात होते तो सर्व्हर मुळात तिथे नव्हताच.

‘एनएसलुकअप’ला मुद्दाम राउटरचा पत्ता जोडून तेच नाव विचारले. क्षणात उत्तर. पत्ता न जोडता विचारले, वेळ संपला. राउटरचा डीएनएस ठीक आहे, लॅपटॉप भलत्यालाच विचारतो आहे.

ईटीसी (मांडणीच्या फाइलींच्या) फोल्डरातली रिझॉल्व्ह.कॉन्फ उघडली. नावे कुणाला विचारायची ते या फाइलीत असते. आत एकच ओळ: नेमसर्व्हर १०.८.०.१.

हा पत्ता ओळखीचा होता. ओपनव्हीपीएनच्या नमुना मांडणीत सर्व्हरला हाच पत्ता असतो आणि माझ्या जुन्या व्हीपीएनचा आतला डीएनएस इथेच होता. बोगदा चालू होता तोवर या पत्त्यावरून उत्तरे मिळत होती. व्हीपीएन लॅपटॉपबरोबरच सुरू व्हायचे आणि त्याच्या सर्व्हरचा पत्ता आकड्यांत होता, त्यामुळे ते जोडायला डीएनएस लागत नव्हता. बुधवारी बोगदा काढला. ओळ राहिली.

आता कालचा फोनही आठवला. यूएसबीने जोडल्यावरही पान उघडले नव्हते, कारण रिझॉल्व्ह.कॉन्फ एकच असते, जोडणी वाय-फायची असो की तारेची. दोन वेगळ्या वाटांनी तीच अडचण आली तेव्हाच मला कळायला हवे होते की दोष वाय-फायमध्ये नाही. तो पुरावा मी केबल बदलून फेकून दिला. याचे मला सगळ्यात वाईट वाटते.

शनिवार, दुपार

ओळ बदलायला गेले. सुडो लावूनही, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकारानेही, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. फाइल पुसायला गेले, तेच. रूटला साधी फाइल पुसता येत नाही म्हणजे फाइलवर गोठवण्याचा झेंडा (फाइल कुणालाही बदलू-पुसू न देणारी खूण) असण्याची शक्यता मोठी. ‘एलएसॲटर’ने पाहिले, तो ‘आय’ दिसला.

हा झेंडा मीच लावला होता, साधारण वर्षापूर्वी. व्हीपीएन चालू असताना नेटवर्क मॅनेजर अधूनमधून रिझॉल्व्ह.कॉन्फ बदलायचा आणि कामाच्या सर्व्हरची नावे सापडेनाशी व्हायची. तेव्हा ‘चॅटर’ने फाइल गोठवली, काम भागले, आणि ते कुठेही लिहून ठेवले नाही.

‘चॅटर वजा आय’ने झेंडा काढला. जुनी फाइल नाव बदलून बाजूला ठेवली, पुसली नाही. उबंटूत रिझॉल्व्ह.कॉन्फ ही मुळात साधी फाइल नसतेच. ती रन फोल्डरातल्या सिस्टिमडी, त्यातल्या रिझॉल्व्ह, त्यातल्या स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फकडे बोट दाखवणारा सिमलिंक असते, आणि त्या फाइलीत १२७.०.०.५३ हा पत्ता असतो. तिथे सिस्टिमडी-रिझॉल्व्हड ऐकत असतो आणि पुढे राउटरला विचारतो. ‘एलएन वजा एस’ने सिमलिंक परत घातला आणि सिस्टिमडी-रिझॉल्व्हड पुन्हा सुरू केला. आधी ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’मध्ये मोड ‘फॉरेन’ दिसत होता, आता ‘स्टब’ दिसू लागला. फॉरेन म्हणजे फाइल दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात आहे.

इथे आणखी वीस मिनिटे घालवली. चिन्हावरचे प्रश्नचिन्ह तसेच राहिले म्हणून दुरुस्ती चुकली असे समजून मी सिमलिंक काढून पुन्हा घातला. खरे तर नेटवर्क मॅनेजर एका ठरलेल्या पत्त्यावरचे छोटे पान आणून इंटरनेट आहे की नाही ते ठरवतो, आणि ही तपासणी पाच मिनिटांच्या अंतरापर्यंत लांबलेली असू शकते. ‘एनएमसीएलआय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी चेक’ दिले की तो लगेच बघतो. उत्तर ‘फुल’, चिन्ह स्वच्छ. सकाळ-दुपार मिळून दोन तास.

रविवार, ९ नोव्हेंबर

लॅपटॉप झोपवून ठेवला होता. उठवला तर इंटरनेट परत गेलेले.

या वेळी शहाण्यासारखे वागते आहे असे वाटत होते. ‘एलएस वजा एल’ केले: सिमलिंक जागेवर. रिझॉल्व्हसीटीएल: मोड स्टब, वाय-फायसमोर डीएनएस सर्व्हर १९२.१६८.१.१. सगळे जसे हवे तसे. मग नाव शोधण्याचा भाग मी निकालात काढला आणि संशय वाय-फायच्या वीजबचतीवर गेला, कारण बिघाड झोपेनंतर आला होता.

राउटरला पिंग लावून ठेवले तर उत्तरे ३ ते १८० मिलिसेकंद अशी विखुरलेली. वीजबचतीत रेडिओ मधल्या वेळेत झोपतो आणि राउटरच्या बीकनच्या ठोक्यावर जागा होऊन आपल्यासाठी काही आहे का ते विचारतो. सहसा हे ठोके १०२.४ मिलिसेकंदांनी पडतात, त्यामुळे असा उशीर दिसतो. नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरात वायफाय.पॉवरसेव्ह = २ अशी फाइल केली (२ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू) आणि सेवा पुन्हा सुरू केली. पिंग ३-४ मिलिसेकंदांवर स्थिरावले. इंटरनेट मात्र आले नाही. ही सुधारणा मी ठेवली आहे, बॅटरी थोडी जास्त जाते पण टाइप करताना दूरच्या यंत्रावरचे अक्षर अडखळत नाही. मूळ प्रश्नाशी तिचा संबंध शून्य.

दोन तासांनी शनिवारच्या पायऱ्या पहिल्यापासून पुन्हा केल्या, एकही न गाळता. नावाच्या पिंगला तेच दहा सेकंद आणि तोच निरोप. मग रिझॉल्व्ह.कॉन्फ कुठे बोट दाखवते एवढ्यावर न थांबता ‘कॅट’ने तिच्या आत काय आहे ते वाचले.

नेमसर्व्हर १०.८.०.१.

सिमलिंक बरोबर होता, पण सिमलिंक ज्या फाइलीकडे नेतो तिच्यातच कुणीतरी लिहिले होते. शेलमधून सिमलिंकवर काही लिहिले की सिमलिंक बदलत नाही, पलीकडची फाइल बदलते. रिझॉल्व्हसीटीएल स्टब म्हणतच राहतो, कारण फाइल तीच आहे, फक्त आतली ओळ बदलली आहे. यादी बघून मी समाधान मानले आणि मजकूर वाचला नाही, त्याची किंमत दोन तास.

रविवार, संध्याकाळ

लिहिणारा शोधायचा होता. पत्ता ठाऊक होता, म्हणून पूर्ण ईटीसी फोल्डरात ‘ग्रेप वजा आर’ने १०.८.०.१ शोधला. दोन जागी सापडला. एक, मी बाजूला ठेवलेली जुनी फाइल. दुसरी, नेटवर्क मॅनेजरच्या डिस्पॅचर.डी फोल्डरातली एक छोटी स्क्रिप्ट.

या फोल्डराची ओळख नसेल तर: जोडणी वर आली, खाली गेली, असे काही घडले की नेटवर्क मॅनेजर इथल्या स्क्रिप्ट नावाच्या क्रमाने चालवतो आणि प्रत्येकीला इंटरफेसचे नाव व घडलेली क्रिया कळवतो. ही स्क्रिप्ट व्हीपीएनच्या पॅकेजबरोबर आली होती. कोणतीही जोडणी वर आली की ती रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये आपली ओळ लिहायची, बोगदा आहे की नाही हे न पाहता.

आता सगळे जुळले. वर्षभर ही स्क्रिप्ट दर वेळी लिहायला जायची आणि माझ्या झेंड्यावर आपटून परत यायची. जर्नलसीटीएलमध्ये नेटवर्क मॅनेजर-डिस्पॅचरच्या नोंदी पाहिल्या तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’च्या ओळी मागे जातील तेवढ्या दिवसांच्या. शनिवारी मी झेंडा काढला आणि स्क्रिप्टला वाट मोकळी झाली. झोपेतून उठल्यावर वाय-फाय पुन्हा जोडले जाते, म्हणून बिघाड झोपेनंतर दिसला. झोपेचा स्वतःचा काही दोष नव्हता. वाय-फाय बंद करून चालू केले असते तरी हेच झाले असते. करून पाहिले, झालेच.

पॅकेज काढले होते तरी स्क्रिप्ट राहिली, कारण मी ‘एपीटी रिमूव्ह’ वापरले होते. रिमूव्ह प्रोग्राम काढते, पण ईटीसीतल्या मांडणीच्या फाइली ठेवते. पुन्हा बसवले तर जुनी मांडणी मिळावी हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगला आहे. त्या फाइलीही घालवायच्या तर ‘पर्ज’ लागते. ‘डीपीकेजी वजा कॅपिटल एस’ला स्क्रिप्टचा मार्ग दिला, त्याने पॅकेजचे नाव सांगितले, ते पर्ज केले. स्क्रिप्ट गेली. सिस्टिमडी-रिझॉल्व्हड पुन्हा सुरू केल्यावर त्याने आपली फाइल नव्याने लिहिली. कॅट केले: १२७.०.०.५३.

आजचे साडेतीन तास. शुक्रवारपासून दहा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दोन दिवसांत लॅपटॉप दहा वेळा झोपवून उठवला, तीनदा रीबूट केला, वाय-फाय बंद-चालू केले, फोन यूएसबीने जोडून पाहिला. प्रत्येक वेळी आधी कॅट, मग नावाचे पिंग. एकदाही अडले नाही. फोनवरून इंटरनेट पहिल्याच झटक्यात मिळाले, शुक्रवारच्याच पहिल्या केबलने.

‘डीपीकेजी वजा एल’च्या यादीत ‘आरसी’ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे काढलेली पण मांडणी मागे ठेवलेली पॅकेजे. माझ्याकडे आणखी चार निघाली. सगळी एका फटक्यात पर्ज केली नाहीत. प्रत्येकाच्या मागे राहिलेल्या फाइली उघडून पाहिल्या. तिघांत कामाचे काही नव्हते, ती घालवली. चौथे एका डेटाबेसचे होते, त्याची मांडणी मला हवी आहे, ते ठेवले.

‘एलएसॲटर’ पूर्ण ईटीसीवर उतरत्या फोल्डरांसकट चालवून आणखी कुठे झेंडा लावून विसरले आहे का तेही पाहिले. कुठे नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मैत्रिणीने तिचा लॅपटॉप आणला. लक्षण हुबेहूब: वाय-फाय जोडलेले, प्रश्नचिन्ह, पान उघडत नाही. तिनेही ड्रायव्हरबद्दलच विचारले. माझा हात रिझॉल्व्ह.कॉन्फकडे जात होता, पण आवरला आणि पहिल्या पायरीपासून गेलो.

सिग्नल ठीक. पत्ता १९२.१६८.०.५०. इथेच थांबलो, कारण माझा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे आणि त्याने दिलेला पत्ता १९२.१६८.१ ने सुरू व्हायला हवा होता. रस्ता १९२.१६८.०.१ मार्गे. त्याला पिंग केले तर ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. तिच्या घरचा आणि माझा वाय-फाय, दोन्हींचे नाव योगायोगाने एकच, राउटर कारखान्यातून येतो तेच. पासवर्डही दोघींनी पूर्वी एकत्र राहताना ठेवलेला तोच. तिने घरी प्रिंटरसाठी त्या जोडणीला हाताने कायमचा पत्ता दिला होता. लॅपटॉपला दोन्ही जाळी एकच वाटली आणि त्याने तोच पत्ता इथेही लावला.

‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’ने पद्धत ‘ऑटो’ करायची, आणि हाताने दिलेले गेटवे (बाहेर जायच्या दाराचा पत्ता) व लॅपटॉपचा पत्ता रिकामे करायचे. हे तिन्ही एकाच कमांडमध्ये द्यावे आणि गेटवे आधी रिकामा करावा. पत्ता नसताना गेटवे उरला तर एनएमसीएलआय बदल नाकारतो. जोडणी खाली-वर केली, १९२.१६८.१.४१ मिळाला, पाने उघडली.

चहा होईपर्यंत झाले, अकरा मिनिटे. घरी गेल्यावर ती लॅपटॉपवरचा कायमचा पत्ता सोडून राउटरमध्येच लॅपटॉपसाठी पत्ता राखून ठेवणार आहे, म्हणजे घरी प्रिंटर चालेल आणि बाहेर अडणार नाही. शिवाय वाय-फायचे नाव आज रात्री आम्ही दोघीही बदलतो आहोत.